पोटातल्या बाळाचं हृदय पाहून घ्या, आणि वेळेत पाहून घ्या

घरात गोड बातमी सांगितली जाते, तोवर बाळाचं हृदय जवळजवळ तयार होऊन गेलेलं असतं. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. इकडे गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यातच हृदयाची इवलीशी नळी धडधडू लागते. पाळीच्या तारखेपासून मोजलं, तर दहाव्या आठवड्यापर्यंत त्या नळीला पीळ पडून चार कप्पे, मधले पडदे, झडपा आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्या घडलेल्या असतात. या घाईच्या घडणीत कुठे पडदा अपुरा राहतो, कुठे झडप उघडतच नाही, कुठे दोन रक्तवाहिन्यांची जागाच बदलते. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. भारतात अशी बाळं दरवर्षी दोन लाखांहून अधिक जन्मतात, असा अंदाज आहे. त्यांतलं साधारण पाचात एक असं असतं, की पहिल्या वर्षातच, कधी पहिल्या आठवड्यातच, त्याच्यावर उपचार झाले नाहीत तर ते वाचत नाही.

हा लेख त्या पाचातल्या एका बाळासाठी आहे. यातले बरेचसे दोष बाळ पोटात असताना, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दिसू शकतात. मात्र ती सोनोग्राफी योग्य आठवड्यात व्हायला हवी, हृदय नीट बघणाऱ्याने करायला हवी आणि तिच्यात काही आढळलं तर पुढची पावलं उचलायला हाताशी दिवस हवेत. नाशिक शहरात राहणाऱ्या जोडप्याला हे थोड्या प्रयत्नांत जमतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरच्या किंवा नांदगाव-येवल्याच्या वस्तीवरच्या बाईला ते जमवायचं, तर आधीपासून आखणी लागते.

ठोके ऐकू आले, म्हणजे हृदय तपासलं असं नाही

प्रत्येक तपासणीला डॉक्टर किंवा सिस्टर पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकवतात. ‘ठोके छान आहेत’ हे ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव येतो. तो आनंद खराच आहे, पण त्या ठोक्यांवरून हृदयाची बांधणी कळत नाही. अर्धंच हृदय तयार झालेल्या बाळाचे ठोकेही मिनिटाला १४० च्या घरात, अगदी नियमित असू शकतात. पोटात असताना बाळाला फुप्फुसांतून प्राणवायू घ्यायचा नसतो. तो वारेतून मिळतो. शिवाय त्याच्या हृदयात दोन आडवाटा निसर्गानेच ठेवलेल्या असतात. एक, वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र आणि दुसरी, दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी नळी, जिला डॉक्टर ‘डक्ट’ म्हणतात. मुख्य वाट बंद असली तरी रक्त आडवाटेने जातं आणि बाळ पोटात मजेत वाढतं. त्याचं वजन भरतं, ते लाथा मारतं. खरी परीक्षा जन्मानंतर, या आडवाटा मिटू लागल्यावर होते.

म्हणून हृदयाची बांधणी डोळ्यांनीच पाहावी लागते. वीस आठवड्यांच्या बाळाचं हृदय जेमतेम दोनेक सेंटीमीटरचं. ते मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा हलणारं, आणि बाळ कूस बदलत असलं की तेही बदलत राहणारं. लंडनच्या गाइज रुग्णालयात लिंडसे ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास पोटातल्या हृदयाचे ठरावीक छेद कसे घ्यायचे हे दाखवून दिलं, तेव्हापासून ही तपासणी रोजच्या सोनोग्राफीत येऊ लागली. आधी फक्त चार कप्पे बघत. आता जगभरच्या मार्गदर्शक सूचना त्याहून पुढे गेल्या आहेत. तुमच्या तपासणीत काय काय बघितलं जायला हवं, ते तुम्हालाही ठाऊक असावं म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा बाजू बघतात. बाळाचं जठर आणि हृदयाचं टोक, दोन्ही डावीकडे आहेत ना? हृदय उजवीकडे असणं किंवा जठर एका बाजूला आणि हृदय दुसऱ्या बाजूला असणं हे विरळा, पण दिसलं तर आत गुंतागुंतीचे दोष शोधावेच लागतात. मग चार कप्पे. हृदयाने छातीची साधारण एक तृतीयांश जागा व्यापलेली असावी, डावे-उजवे कप्पे जवळपास सारखे असावेत, मधला पडदा अखंड असावा आणि दोन झडपा स्वतंत्र उघडझाप करताना दिसाव्यात. डावी बाजू खुजी राहिलेली असेल, दोन्ही बाजूंना मिळून एकच झडप असेल, उजवी झडप खाली सरकलेली असेल (याला एब्स्टाइन म्हणतात) किंवा हृदयाच्या भिंतीत गाठी असतील, तर त्या इथे सापडतात. अशा गाठी क्वचितच आढळतात. पण आढळल्या तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. त्यामुळे एवढीशी खूण पुढच्या मोठ्या तपासणीचं दार उघडते.

आता महत्त्वाचा भाग. चार कप्पे अगदी नीट दिसत असूनही बाळाला जिवावरचा दोष असू शकतो. डाव्या कप्प्यातून निघणारी महाधमनी आणि उजव्या कप्प्यातून निघणारी फुप्फुसधमनी यांनी एकमेकींना ओलांडून जायला हवं. त्या ओलांडत नसतील, शेजारीशेजारी समांतर धावत असतील, तर दोघींची अदलाबदल झालेली असते. डॉक्टर याला ट्रान्सपोझिशन किंवा टीजीए म्हणतात. अशा बाळाच्या शरीरातलं अशुद्ध रक्त शरीरातच फिरतं आणि शुद्ध रक्त फुप्फुसांतच. नाळ तुटल्यावर काही तासांत ते निळं पडू शकतं. दोन्ही धमन्यांऐवजी एकच जाड नळी निघणं (म्हणजे ट्रंकस), दोन्ही धमन्या उजव्याच कप्प्यातून निघणं आणि टेट्रालॉजी ऑफ फॅलो, हेही दोष बहुतेक वेळा चार कप्प्यांच्या चित्रात निसटतात आणि धमन्यांच्या चित्रात सापडतात. त्याच्याही वर, मानेखाली, तीन रक्तवाहिन्या ओळीने दिसतात आणि बाळाच्या श्वासनलिकेच्या डाव्या बाजूने त्यांतल्या दोघींचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. महाधमनीची कमान अरुंद असणं किंवा श्वासनलिकेभोवती रक्तवाहिन्यांचं कडं पडणं, असे दोष या शेवटच्या छेदात दिसतात.

म्हणून अहवाल हातात आला की हृदयाचा परिच्छेद काढून वाचा. ‘फोर चेंबर व्ह्यू’, ‘आउटफ्लो ट्रॅक्ट्स’ आणि ‘थ्री व्हेसल ट्रेकिया व्ह्यू’ असे तीन उल्लेख त्यात असायला हवेत. नुसतं ‘हृदय नॉर्मल’ किंवा फक्त ठोक्यांचा आकडा लिहिला असेल, तर नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या पाहिल्यात का?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. मन लावून काम करणाऱ्या रेडिओलॉजिस्टला तो प्रश्न आवडतो, असं माझं मत आहे. कधी कधी अहवालात ‘बाळाच्या स्थितीमुळे हृदय नीट दिसलं नाही, पुन्हा बोलवावं’ असंही लिहिलेलं असतं. त्यावर रागावू नका. तो सगळ्यात प्रामाणिक अहवाल आहे. आईच्या पोटाची जाडी, बाळाचं पालथं असणं, पाणी कमी असणं, अशी कारणं कुणाच्याच हातात नसतात. आठवड्याभराने पुन्हा जा. ती दुसरी खेप चुकवू नका.

बाळाच्या चेहऱ्याचा थ्री-डी फोटो मिळाला म्हणजे तपासणी भारी झाली, हाही गैरसमज सोडा. त्या फोटोचा हृदयाशी संबंध नाही.

कोणत्या आठवड्यात

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला आपल्याकडे ‘ॲनोमली स्कॅन’, ‘टार्गेट स्कॅन’ किंवा ‘टिफा’ म्हणतात. तिची वेळ १८ ते २२ आठवडे. माझा आग्रह १८ ते २० आठवड्यांचा आहे, आणि त्यामागचं कारण पुढे येईल. महिन्यांच्या हिशेबात घोटाळा होतो. ‘पाचवा लागला’ आणि ‘पाचवा संपला’ यांत चार आठवडे जातात. म्हणून शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजा. पाळीची तारीख आठवत नसेल किंवा पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी खरी तारीख ठरवून देते. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवलं नाही आणि थेट सातव्यात पहिली सोनोग्राफी झाली, तर वेळही हातातून गेलेली असते आणि चित्रही अवघड होतं, कारण तोवर बाळाच्या बरगड्या घट्ट होऊन हृदयावर सावली टाकतात.

त्याआधीची ११ ते १४ आठवड्यांची एनटी सोनोग्राफीही हृदयाबद्दल बोलते. या तपासणीत बाळाच्या मानेमागची पाण्याची जाडी मोजतात. ती ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर गुणसूत्रांच्या तपासणीबरोबरच हृदयाचीही खास तपासणी ठरवून ठेवायची. डबल मार्कर ही रक्तचाचणी चांगली आली म्हणून हृदयाची तपासणी टाळायची नाही.

सरकारी यंत्रणेत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाईची तपासणी मोफत होते, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली सोनोग्राफीही मोफत आहे. आशाताईंना आठवडे सांगून तारीख लवकर मागून घ्या. गर्दीमुळे पुढची तारीख मिळाली आणि त्यात २२ वा आठवडा उलटला, तर त्या मोफत तपासणीचा अर्धा उपयोग वाया जातो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेल्या बायांची तर खास काळजी घ्यायला हवी. हंगामात गाव एकीकडे, नोंदणी दुसरीकडे, आणि नेमका १८ ते २० आठवड्यांचा काळ बागेतच संपतो. बागाईतदारांनी त्यांच्या कामावरच्या गरोदर बाईला एक दिवसाची पगारी सुट्टी आणि गाडीची सोय दिली, तर ते मोठं काम होईल.

जाताना ओळखपत्र न्या, गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यामुळे केंद्रावर ‘एफ फॉर्म’ भरावा लागेल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ चा. बाळ मुलगा की मुलगी हे विचारूही नका. तुमचा प्रश्न हृदयाचा आहे, तोच लावून धरा.

फीटल इको कोणी करून घ्यावी

पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास, सविस्तर सोनोग्राफी म्हणजे फीटल इको. ती बालहृदयरोगतज्ज्ञ किंवा गर्भवैद्यक शिकलेले डॉक्टर करतात. अर्धा तास ते तासभर लागतो, सुई टोचत नाही, बाळाला त्रास नाही. नाशिकमध्ये ही तपासणी होते. ती साधारण १८ ते २४ आठवड्यांत करतात.

साध्या सोनोग्राफीत शंका आली, तर ती करायचीच. त्याखेरीज आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल, आई-वडिलांपैकी कुणाला किंवा आधीच्या बाळाला हृदयदोष असेल, आईला फिट्सची काही औषधं, लिथियम किंवा मुरमांवरचं आयसोट्रेटिनॉइन सुरुवातीच्या आठवड्यांत चालू असेल, पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला असेल, एकाच वारेवरची जुळी असतील, टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ राहिला असेल, किंवा नवरा-बायको मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यातले असतील, तर सोनोग्राफी चांगली आली तरी फीटल इकोबद्दल डॉक्टरांशी बोला. आईला ल्युपस किंवा स्योग्रेन असेल, किंवा रक्तात ‘अँटी-रो’ प्रतिपिंडं असतील, तर बाळाच्या हृदयातली विजेची वाट तुटून ठोके ५०-६० वर येऊ शकतात. त्यासाठी १६ व्या आठवड्यापासून पुन्हा पुन्हा ठोक्यांवर नजर ठेवतात.

एवढी यादी वाचून ‘आपल्यात यातलं काही नाही’ असा निःश्वास सोडू नका. हृदयदोष असलेल्या बाळांपैकी बहुतेक बाळं अशा घरांत जन्मतात, जिथे या यादीतलं एकही कारण नसतं. म्हणून साधी सोनोग्राफी चांगली होणं हेच सर्वांत मोलाचं. केरळने २०१७ मध्ये ‘हृद्यम’ या नावाने जन्मजात हृदयरोगाच्या मुलांसाठी सरकारी कार्यक्रम उभा केला; नोंदणीपासून शस्त्रक्रियेपर्यंतची साखळी त्यात एका धाग्यात बांधली. महाराष्ट्रानेही असं काही करावं, असं मनापासून वाटतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरहूनच झाली होती, आणि त्यात जन्मजात हृदयरोगाचा समावेश पहिल्यापासून आहे.

दोन शब्द घाबरवणाऱ्या पण बहुधा निरुपद्रवी गोष्टींबद्दल. अहवालात ‘हृदयात पांढरा ठिपका’ असं लिहिलेलं असतं. एरवी सगळं ठीक असेल आणि गुणसूत्रांची चाचणी कमी जोखमीची असेल, तर तो ठिपका हृदयदोष नव्हे. मधूनच एखादा ठोका चुकणं हेही बहुतेकदा आपोआप थांबतं. मात्र ठोके सतत १८० च्या वर असतील, तर लगेच तज्ज्ञाकडे जायचं; कारण आईला गोळ्या देऊन वारेमार्फत पोटातल्या बाळावर उपचार करता येतात आणि ते चांगले लागू पडतात.

दोष सापडला तर

खोलीत शांतता पसरते आणि बाहेर बसलेल्या सासूबाई विचारतात, ‘काय झालं गं?’ त्या क्षणी पहिली गोष्ट लक्षात ठेवा: यात आईची चूक नाही. ग्रहणात भाजी चिरली, जिना चढली, पपई खाल्ली, यातल्या कशानेही हृदयाचा पडदा अपुरा राहत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे वाक्य मोठ्याने म्हणावं. त्या बाईला त्या दिवशी त्याची औषधाइतकी गरज असते.

त्यानंतर फीटल इको, मग बालहृदयरोगतज्ज्ञाशी सविस्तर बोलणं. त्यांना नेमके प्रश्न विचारा. या दोषाचं नाव काय? जन्मल्याबरोबर उपचार लागतील, की काही महिन्यांनी? शस्त्रक्रिया एक की अनेक? त्यानंतर मूल शाळेत जाईल, धावेल, खेळेल का? हृदयदोष हा एकच शब्द असला, तरी त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. टीजीएच्या बाळावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत धमन्या अदलून बसवण्याची शस्त्रक्रिया होते, आणि अनुभवी केंद्रात बहुतेक मुलं नंतर सर्वसाधारण आयुष्य जगतात. टेट्रालॉजीचं ऑपरेशन बहुधा पहिल्या वर्षात एकदा होतं. डावी बाजूच घडली नसेल, तर मात्र तीन टप्प्यांच्या शस्त्रक्रिया आणि आयुष्यभराची अनिश्चितता असते. ओळखीतल्या कुणाच्या तरी बाळाला ‘हार्टचं काहीतरी’ होतं आणि त्याचं काय झालं, यावरून निर्णय घेऊ नका.

गुणसूत्रांची तपासणीही सुचवली जाईल. काही हृदयदोषांबरोबर डाउन सिंड्रोम किंवा २२ व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असणं आढळतं. त्यासाठी गर्भजल काढावं लागतं, आणि काही चाचण्यांचे अहवाल यायला दोन-तीन आठवडे जातात. आता १८ ते २० आठवड्यांच्या आग्रहाचं कारण कळेल. २२ व्या आठवड्यात शंका आली, २३ व्यात फीटल इको झाली आणि २५ व्यात गुणसूत्रांचा अहवाल आला, तर बाळ ठेवायचं की गर्भपात करायचा, याचा शांतपणे विचार करायला त्या जोडप्याला एकही दिवस मिळत नाही.

या वेळेचा प्रश्न महाराष्ट्रातच ऐरणीवर आला होता. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याने, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह, गर्भपाताच्या परवानगीसाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. पोटातल्या बाळाच्या हृदयात विजेची वाट पूर्ण अडली आहे आणि मोठ्या धमन्यांची जागाही चुकली आहे, हे २४ व्या आठवड्यात कळलं होतं. कायद्याची मर्यादा तेव्हा २० आठवड्यांची होती. न्यायालयाने ४ ऑगस्ट २००८ रोजी परवानगी नाकारली. त्या प्रकरणाने देशभर चर्चा पेटली, पण कायदा बदलायला २०२१ उजाडलं.

आजचा कायदा असा. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ज्या प्रकारच्या स्त्रियांना ही मुभा आहे, त्यांत गर्भात गंभीर दोष असलेल्या स्त्रियाही येतात. २४ आठवड्यांनंतर, गर्भात लक्षणीय दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर आठवड्यांची मर्यादा राहत नाही. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची किंवा सासरची सही कायद्याने लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये, मेंदूचा गंभीर दोष असलेल्या ३३ आठवड्यांच्या गर्भाच्या प्रकरणात, मंडळाचं मत विरोधात असूनही मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि निर्णय त्या स्त्रीचा आहे, असं स्पष्ट केलं. बाळ ठेवायचं की नाही, दोन्ही निर्णयांना सारखाच मान हवा. पण दुरुस्त होण्यासारखा दोष नुसत्या घाबरगुंडीत सोडून दिला जाऊ नये, आणि न झेपणारा दोष नुसत्या दडपणाखाली वाहावा लागू नये. त्यासाठी तज्ज्ञाशी बोलल्याशिवाय कोणतीच सही करू नका.

बाळंतपण कुठे करायचं

बाळ ठेवायचं ठरलं की सगळ्यात मोठा प्रश्न हाच, आणि नाशिक जिल्ह्यात तो जास्तच मोठा.

जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत डक्ट मिटते. काही दोषांत ती डक्टच बाळाची जीवनवाहिनी असते. म्हणजे बाळ जन्मतं गुटगुटीत, रडतं, दूध ओढतं, साध्या बाळंतपणानंतर ४८ तासांत घरी जातं, आणि घरी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक धापा टाकू लागतं. आधीच कळलेलं असेल, तर जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिनचं सलाइन लावून ती डक्ट उघडी ठेवता येते. टीजीएच्या बाळाला तर काही वेळा पहिल्याच दिवशी फुग्याच्या नळीने वरच्या कप्प्यांमधलं छिद्र मोठं करून द्यावं लागतं. पॅरिसच्या नेकर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये याचा हिशेब मांडला. जन्मानंतर टीजीए कळलेल्या २५० बाळांपैकी १५ बाळं शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याआधीच दगावली. पोटातच निदान झालेल्या ६८ पैकी एकही नाही. दोष तोच, शस्त्रक्रिया तीच. फरक फक्त आधी कळण्याचा आणि योग्य जागी जन्मण्याचा.

नवजात बाळाच्या हृदयावरच्या अवघड शस्त्रक्रिया नियमित करणारी केंद्रं मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत. नाशिकहून मुंबई सुमारे १७० किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटातला वेळ वाचतो, तरी नळ्या लावलेल्या, निळ्या पडलेल्या दोन दिवसांच्या बाळाला घेऊन हे अंतर कापणं फार जोखमीचं. सुरगाण्याहून तर नाशिकच दोन-अडीच तासांवर. सिंहस्थाच्या दिवसांत रस्त्यांचा भरवसाच धरू नये. अशा बाळासाठी आईच्या पोटाइतकी सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही. म्हणून गंभीर दोष कळला असेल, तर ३६-३७ व्या आठवड्यातच हृदयशस्त्रक्रिया केंद्राच्या जवळ मुक्काम हलवा. नातेवाईकांकडे, धर्मशाळेत, भाड्याच्या खोलीत, जिथे जमेल तिथे. हृदयदोष आहे म्हणून सिझेरियनच हवं, असं बहुतेक वेळा नसतं. ते प्रसूतितज्ज्ञ ठरवतील.

इथे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली प्रथा आड येते. सातव्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते, आणि फाइल सासरच्या कपाटात राहते. तिकडचे डॉक्टर नवे, त्यांना पाचव्या महिन्यात काय दिसलं होतं ते माहीत नाही. माहेरपण होऊ द्या, पण सगळे अहवाल आणि फीटल इकोची सीडी बाळंतिणीच्या पिशवीत आधी जाऊ द्या, बाळाची झबली नंतर. शिवाय मोबाइलमध्ये फोटो काढून नवऱ्याला, आईला, भावाला पाठवून ठेवा. माहेर आणि हृदयकेंद्र यांत निवड करायची वेळ आली, तर माहेरच्या माणसांनीच मुंबईला येऊन राहावं.

पैशांची बोलणी गरोदरपणातच करून ठेवावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बाळांच्या हृदयशस्त्रक्रिया येतात; योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच चौकशी करा. जिल्हा रुग्णालयातल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या कक्षातही नाव नोंदवा. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयावरचे उपचार विनामूल्य होतात. मुंबईत परळला केईएम आणि वाडिया आहेत. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना निर्धन आणि दुर्बल रुग्णांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, हेही विचारायला लाजू नका.

आणि सगळं नॉर्मल आलं तरी

उत्तम यंत्र आणि उत्तम डॉक्टर असूनही काही दोष पोटात दिसत नाहीत. पडद्यातली बारीक छिद्रं निसटतात. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र आणि उघडी डक्ट तर पोटात सगळ्यांनाच असतात, त्यामुळे त्यांचं निदान जन्माआधी होऊच शकत नाही. महाधमनीचं अरुंद होणं आणि फुप्फुसातल्या शिरा चुकीच्या जागी जोडल्या जाणं हे ओळखायला अनुभवी डोळ्यांनाही जड जातं. काही दोष शेवटच्या तीन महिन्यांत वाढतात, म्हणून तेव्हाच्या सोनोग्राफीतही हृदयावर एक नजर टाकायला सांगा.

जन्मानंतर २४ तास झाले की बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून प्राणवायू मोजतात. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त हवा आणि दोहोंत ३ पेक्षा जास्त फरक नको. आकडा कमी आला, तर इको होईपर्यंत बाळाला घरी नेऊ नका. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, तिला यंत्रही साधंच लागतं, आणि ती करून घेण्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही. दवाखान्यातून निघण्याआधी सिस्टरना एवढंच विचारा, ‘बाळाचा हातापायाचा ऑक्सिजन बघितला का?’ नसेल बघितला, तर बघून घ्या आणि मगच घरी जा.